थंड प्रदेशातील हायपोथर्मिया : कारणमीमांसा आणि प्रतिबंध
(महाविद्यालयीन पदभ्रमण उपक्रमांच्या विशेष संदर्भात)

गोषवारा :
थंड हवामानात शरीराचे अंतर्गत तापमान धोकादायक पातळीपर्यंत घटण्याच्या अवस्थेस हायपोथर्मिया म्हणतात. केवळ बर्फाळ प्रदेशात व शून्याखालील तापमानातच ही अवस्था उद्भवते, हा समज चुकीचा आहे. ओलावा, वारा, थकवा आणि उपासमार हे चार घटक एकत्र आल्यास शून्याच्या वरच्या तापमानातही मृत्यू ओढवू शकतो. प्रस्तुत लेखात या अवस्थेची शारीरिक प्रक्रिया, काही नोंदलेल्या दुर्घटना, प्रतिबंधाचे उपाय व प्रथमोपचार यांचे विवेचन केले असून विद्यार्थ्यांसमवेत जाणाऱ्या प्राध्यापकांच्या जबाबदारीचा विशेष विचार केला आहे.

कळीचे शब्द : हायपोथर्मिया, उष्णताऱ्हास, पदभ्रमण, प्रतिबंध, प्रथमोपचार.

१. प्रस्तावना :
महाविद्यालयीन शिक्षणात वर्गाबाहेरील अनुभवाला महत्त्वाचे स्थान आहे. भूगोल व वनस्पतिशास्त्र विभागांच्या अभ्याससहली, राष्ट्रीय छात्रसेनेची शिबिरे, जिमखान्याची पदभ्रमणे यांच्या निमित्ताने महाराष्ट्रातील विद्यार्थी सह्याद्रीच्या गडकोटांवर आणि उत्तराखंड वा हिमाचल प्रदेशातील हिमालयीन वाटांवर जात असतात. अशा उपक्रमांतून आत्मविश्वास, सहकार्य आणि निसर्गाविषयीची जाण वाढीस लागते, हे निर्विवाद आहे. परंतु उष्ण कटिबंधात वाढलेल्या या विद्यार्थ्यांना थंडीचा परिचय बहुधा डिसेंबरच्या पहाटेपुरता असतो. ऊन लागणे म्हणजे काय, हे मराठवाडा व विदर्भातील प्रत्येक घराला ठाऊक असते. थंडी शरीराचा ताबा कसा घेते, हे मात्र शहाण्यासुरत्या माणसालाही सांगता येत नाही. या अज्ञानातच धोक्याचे मूळ आहे.

हायपोथर्मिया हा डोंगरातील इतर अनेक आपत्तींहून एका बाबतीत वेगळा आहे. दरड किंवा हिमकडा क्षणात कोसळतो. हायपोथर्मिया मात्र हळूहळू, टप्प्याटप्प्याने येतो. तो येत असताना त्याची चिन्हे दिसतात व प्रत्येक टप्प्यावर त्याला रोखता येते. म्हणूनच तो समजून घेणे हे केवळ वैद्यकशास्त्राच्या अभ्यासकांचे काम राहत नाही, तर विद्यार्थ्यांची जबाबदारी स्वीकारणाऱ्या प्रत्येक शिक्षकाचे ते कर्तव्य ठरते.

२. संकल्पना व अवस्था :
निरोगी माणसाच्या शरीराचे अंतर्गत तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते. हे तापमान ३५ अंशांच्या (९५ अंश फॅरनहाइट) खाली गेल्यास त्या अवस्थेला हायपोथर्मिया म्हणतात. सर्वसाधारणपणे तिचे तीन टप्पे मानले जातात.

अ) सौम्य अवस्था (३५ ते ३२ अंश) : अंगाला जोराची थरथर सुटते. हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, बोटे बधिर होतात, चाल अडखळू लागते. माणूस चिडचिडा किंवा अबोल होतो.
ब) मध्यम अवस्था (३२ ते २८ अंश) : थरथर कमी होत जाऊन थांबते. बोलणे अस्पष्ट होते, विचारशक्ती मंदावते, ग्लानी येते.
क) तीव्र अवस्था (२८ अंशांखाली) : शुद्ध हरपते, नाडी व श्वास अत्यंत मंद होतात आणि हृदयाची लय बिघडून ते बंद पडण्याचा धोका निर्माण होतो.

यांतील दुसऱ्या टप्प्याचे आरंभचिन्ह सर्वाधिक फसवे आहे. थरथर थांबली म्हणजे विद्यार्थी सावरला, असे सोबत्यांना वाटते. प्रत्यक्षात शरीराने उष्णता निर्माण करण्याचा आपला शेवटचा मोठा प्रयत्न सोडून दिलेला असतो. थरथर म्हणजे स्नायूंचे अनैच्छिक आकुंचन होय. तिच्यामुळे विश्रांतीच्या तुलनेत उष्णतानिर्मिती काही पटींनी वाढते. परंतु त्यासाठी स्नायूंतील इंधन वेगाने खर्ची पडते. उपाशी व दमलेल्या व्यक्तीची थरथर लवकर थांबते, ती यामुळेच. काही रुग्ण अखेरच्या अवस्थेत अंगावरील कपडे काढून टाकतात, असेही आढळले आहे. आकुंचन पावलेल्या रक्तवाहिन्या शिथिल होऊन त्वचेकडे रक्त धावल्याने त्यांना खोट्या उष्णतेचा भास होतो, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते.

येथे एक व्यावहारिक बाब लक्षात घ्यावी लागते. घरोघरी वापरल्या जाणाऱ्या साध्या तापमापकाची मोजपट्टी साधारणतः ३५ अंशांच्या आसपास सुरू होते. कारण तो ताप मोजण्यासाठी बनविलेला असतो, तापमानातील घट मोजण्यासाठी नव्हे. त्यामुळे डोंगरात निदान करायचे ते माणसाच्या वागण्यावरून, आकड्यावरून नव्हे.

३. शरीरातील उष्णतेचा जमाखर्च :
शरीर अन्नाच्या ज्वलनातून उष्णता मिळविते आणि चार मार्गांनी ती गमावते : प्रारण, वहन, अभिसरण आणि बाष्पीभवन. जमेपेक्षा खर्च वाढला की तापमान घटू लागते. यांपैकी शेवटच्या तीन मार्गांवर पाणी व वारा यांचा मोठा प्रभाव पडतो.

पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे २५ पट असते. उबदार कपड्याची ऊब ही मुळात त्याच्या धाग्यांत अडकलेल्या स्थिर हवेची ऊब असते. कपडा भिजला की त्या हवेची जागा पाणी घेते आणि रोधक असलेला कपडाच वाहक बनतो. सुती कपड्याच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. कापूस पाणी भरपूर शोषतो व लवकर सोडत नाही. जीन्सची पँट व सुती टी-शर्ट हा विद्यार्थ्यांचा सर्वांत आवडता पोशाख थंड व ओल्या हवेत सर्वांत घातक ठरतो, तो या कारणाने.

बाष्पीभवनाचा खर्च एका साध्या गणिताने स्पष्ट होतो. ६० किलोग्रॅम वजनाच्या माणसाच्या शरीराचे तापमान १ अंशाने घटते तेव्हा त्याने सुमारे ५० किलोकॅलरी उष्णता गमावलेली असते. दुसरीकडे १ लिटर पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. अंगावरील भिजलेल्या कपड्यांत अर्धा लिटर पाणी आहे आणि ते अंगाच्या उष्णतेनेच वाळवायचे आहे, असे मानले तर २९० किलोकॅलरी खर्च होतील. विश्रांतीच्या स्थितीतील शरीराची जवळजवळ चार तासांची कमाई एवढीच असते. प्रत्यक्षात सगळी उष्णता शरीरातूनच जात नाही आणि दरम्यान शरीर नवी उष्णता निर्माणही करीत असते. तथापि ‘कपडे अंगावरच वाळतील’ या नेहमीच्या वाक्याची किंमत या हिशेबावरून कळते.

वाऱ्याचा परिणाम असाच आहे. शरीराभोवती तापलेल्या हवेचा एक पातळ थर असतो. वारा तो सतत हिरावून नेतो. २००१ साली अमेरिका व कॅनडा यांनी स्वीकारलेल्या सूत्रानुसार तापमान शून्याखाली १० अंश असताना ताशी ३० किलोमीटर वेगाचा वारा वाहत असल्यास उघड्या त्वचेला शून्याखाली सुमारे २० अंशांइतकी थंडी जाणवते. उंचीचाही विचार करावा लागतो. दर १००० मीटर चढाईमागे हवेचे तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. याच हिशेबाने समुद्रसपाटीजवळ २७ अंश तापमान असेल तर १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या माथ्यावर ते १६ अंशांच्या आसपास असते. पावसाळ्यात अशा माथ्यावर भिजलेल्या कपड्यांनिशी, रिकाम्या पोटी, वाऱ्याच्या माऱ्यात दीर्घकाळ अडकून पडलेल्या विद्यार्थ्याला हुडहुडी भरते, तेव्हा ती ‘नाजूकपणा’ म्हणून हसण्यावारी नेणे योग्य नव्हे. हिमाचा लवलेश नसलेल्या सह्याद्रीतही सौम्य हायपोथर्मियास आवश्यक ते सारे घटक उपस्थित असतात.

४. दुर्घटनांतून मिळणारे धडे :
सिद्धान्ताची सत्यता काही नोंदलेल्या घटनांवरून पडताळता येते.

मार्च १९६४ मध्ये इंग्लंडमधील डर्बीशायरच्या डोंगराळ पठारावर तरुणांच्या लांब पल्ल्याच्या चालण्याच्या स्पर्धेत तीन युवकांचा मृत्यू झाला. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतील शरीरक्रियाशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनी या मृत्यूंचा अभ्यास केला. पाऊस, जोराचा वारा आणि थकवा यांच्या एकत्रित परिणामाकडे त्यांनी लक्ष वेधले. ओलावा व वारा एकत्र आले की कपड्यांची उष्णतारोधक क्षमता फार मोठ्या प्रमाणात नष्ट होते आणि थकलेल्या माणसाला चालण्यातून पुरेशी उष्णता मिळेनाशी होते, हे त्यांच्या अभ्यासातून पुढे आले.

नोव्हेंबर १९७१ मधील स्कॉटलंडची दुर्घटना शिक्षकांनी विशेष अभ्यासावी अशी आहे. एडिंबरो येथील शालेय विद्यार्थ्यांची सहल केर्नगॉर्म पर्वतावर गेली होती. विद्यार्थ्यांचे दोन गट करण्यात आले. अनुभवी गट डोंगरमाथ्यावरील निवाऱ्यापर्यंत पोहोचला. कमी अनुभवी गट हिमवादळात तो निवारा गाठू शकला नाही आणि त्याला उघड्यावर बर्फातच थांबावे लागले. दोन रात्रींनंतर मदत पोहोचली, तोवर पाच विद्यार्थी व अठरा वर्षांची एक साहाय्यक प्रशिक्षक मरण पावली होती. या घटनेनंतर ब्रिटनमध्ये विद्यार्थ्यांना डोंगरात नेणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा व पात्रतेचा प्रश्न गांभीर्याने घेतला गेला. दुर्बल गटाला अधिक अनुभवी नेता हवा, हा साधा नियम या घटनेतून अधोरेखित होतो.

२२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत १७२ स्पर्धकांपैकी २१ जण मृत्युमुखी पडले. अचानक गारा, गोठविणारा पाऊस व सोसाट्याचा वारा सुरू झाला. बहुतेकांच्या अंगावर धावण्याचे तोकडे कपडे होते. वारारोधक जाकीट सोबत बाळगणे सक्तीचे नव्हते. मृतांत देशातील नामवंत धावपटूंचाही समावेश होता. शारीरिक तंदुरुस्ती म्हणजे थंडीपासूनचे संरक्षण नव्हे, हे यावरून सिद्ध होते. त्याच दिवशी एका मेंढपाळाने सहा धावपटूंना आपल्या गुहेत आसरा देऊन, शेकोटी व पांघरूण पुरवून वाचविले. प्राण वाचविण्यासाठी वारा अडविणारी जागा, कोरडे पांघरूण आणि उष्णता एवढेच पुरेसे ठरले.

भारतातील अलीकडची घटना जून २०२४ मधील आहे. उत्तराखंडमधील सहस्रताल या उंचावरील सरोवराच्या वाटेवर २२ जणांचा पदभ्रमण गट वादळी हवामानात सापडला. गटातील बहुसंख्य सदस्य कर्नाटकातील होते. नऊ जणांचा मृत्यू झाला व तेरा जणांची सुटका करण्यात आली. जून महिना म्हणजे उन्हाळा, ही मैदानी प्रदेशातील समजूत चार हजार मीटरच्या वर लागू पडत नाही.

या चारही घटनांत देश, ऋतू व वय भिन्न आहे. क्रम मात्र एकच आहे. प्रथम हवामान बदलते, मग कपडे भिजतात किंवा अपुरे पडतात, वेग मंदावतो, गट विखुरतो आणि परतण्याचा वा थांबून निवारा करण्याचा निर्णय उशिरा होतो. साखळीतील कोणताही एक दुवा वेळीच तोडता आला असता तर जीवितहानी टळण्याची शक्यता वाढली असती.

५. प्रतिबंधाचे उपाय :
५.१ पोशाख : कपड्यांचे तीन थर असावेत. अंगालगतचा थर घाम बाहेर टाकणारा (लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचा), मधला ऊब देणारा (लोकरी स्वेटर किंवा फ्लीस) आणि बाहेरचा वारा व पाऊस अडविणारा. थरांचा लाभ असा की चढावर घाम येऊ लागताच एक थर उतरविता येतो व थांबताच पुन्हा चढविता येतो. घामाने भिजणे हे पावसाने भिजण्याइतकेच घातक आहे. कानटोपी, हातमोजे व लोकरी पायमोजे आवश्यक आहेत. शरीराची बहुतांश उष्णता डोक्यातून जाते, ही समजूत अतिशयोक्त आहे. डोक्यातून जाणारी उष्णता साधारण त्याच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणातच असते. तथापि इतर अंग झाकलेले असताना उघडे डोके ही मोठी गळती ठरते. प्रत्येकाच्या पाठपिशवीत कोरड्या कपड्यांचा एक जोड जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला असावा आणि तो मुक्कामाशिवाय वापरू नये.

५.२ आहार : उष्णतेचे इंधन अन्न हेच आहे. सकाळी पोटभर न्याहारी आणि वाटेत दर तास-दीड तासाने थोडे खाणे, ही पद्धत ठेवावी. गूळ-शेंगदाणे, चिक्की, खजूर, लाडू हे आपले पदार्थ यासाठी सोयीचे आहेत. थंडीत तहान कमी लागते, म्हणून पाणी आठवणीने पाजावे लागते. मद्याने ऊब येते, हा सर्वांत धोकादायक गैरसमज होय. मद्यामुळे त्वचेतील रक्तवाहिन्या प्रसरण पावतात. अंग गरम वाटते, परंतु शरीरातील उष्णता वेगाने बाहेर पडते आणि निर्णयशक्तीही क्षीण होते.

५.३ नियोजन : निघण्यापूर्वी हवामान खात्याचा अंदाज पाहावा. परतीची वेळ आधी ठरवावी व ती झाली की शिखर कितीही जवळ असले तरी मागे फिरावे. वाटेतील निवाऱ्याच्या जागा, उतरण्याचे पर्यायी मार्ग व संपर्काची साधने यांची नोंद असावी. गटाचा वेग सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या वेगाइतका ठेवावा. सर्वांत मागे जाणती व्यक्ती असावी. कृश, आजारी, नुकत्याच तापातून उठलेल्या विद्यार्थ्यांबाबत अधिक दक्षता घ्यावी. दार्जिलिंग येथील हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट (स्थापना १९५४) व उत्तरकाशी येथील नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग (स्थापना १९६५) या संस्थांत गिर्यारोहणाचे पद्धतशीर प्रशिक्षण मिळते. हिमालयीन उपक्रमासोबत असे प्रशिक्षण घेतलेली किमान एक व्यक्ती असणे हितावह आहे.

५.४ जोडीदार पद्धत : हायपोथर्मिया प्रथम विवेकबुद्धीवर आघात करतो, म्हणून रुग्णाला स्वतःची अवस्था कळत नाही. ‘मी ठीक आहे’ हे त्याचे उत्तर प्रमाण मानता येत नाही. दोन-दोन विद्यार्थ्यांच्या जोड्या लावून एकमेकांवर लक्ष ठेवण्यास सांगावे. अडखळणे, हातातून वस्तू निसटणे, जाकिटाची चेन लावता न येणे, जीभ जड होणे, एकाएकी गप्प होणे वा उगाच कुरकुर करणे, यांपैकी कोणतेही चिन्ह दिसताच गट थांबवावा. उंच प्रदेशात प्राणवायूच्या कमतरतेनेही अशीच लक्षणे दिसतात. दोहोंपैकी नेमके काय आहे हे ठरेपर्यंत वाट पाहू नये. ऊब देऊन, शक्य होताच खाली उतरविणे दोन्हींत उपयुक्त असते.

६. प्रथमोपचार :
प्रथम रुग्णाला वाऱ्यापासून आडोशाला न्यावे. त्याच्या खाली चटई, पाठपिशव्या, दोर असे जे मिळेल ते अंथरावे, कारण थंड जमीन उष्णता शोषून घेते. आडोसा मिळाल्यावर ओले कपडे काढून कोरडे घालावेत, स्लीपिंग बॅगमध्ये ठेवून वरून प्लॅस्टिकचा कागद गुंडाळावा. गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून छाती व काखेशी ठेवाव्यात, हातापायांशी नव्हे. पूर्ण शुद्धीवर असल्यास गोड, कोमट पेय व खाणे द्यावे. सौम्य अवस्थेतील विद्यार्थ्यालाही लगेच चालावयास लावू नये; खाऊन-पिऊन, ऊब येऊन, निदान अर्धा तास लोटल्यावर तो स्थिर वाटला तरच चालू द्यावे.

थरथर थांबलेल्या किंवा ग्लानीत असलेल्या रुग्णाला आडवेच ठेवावे व अत्यंत हळुवार हाताळावे. हिसका बसल्यास थंड हृदयाची लय बिघडू शकते. हातपाय चोळणे, शेकोटीच्या अगदी जवळ बसविणे, गरम पाण्याने आंघोळ घालणे हे आपल्याकडील प्रेमाचे उपचार येथे अपायकारक ठरतात. नाडी अतिशय मंद असू शकते, म्हणून ती पूर्ण मिनिटभर तपासावी. रुग्ण निष्प्राण दिसला तरी आशा सोडू नये. १९९९ साली नॉर्वेत बर्फाखालील पाण्यात अडकलेल्या एका स्वीडिश डॉक्टर महिलेच्या शरीराचे तापमान १३.७ अंशांपर्यंत उतरले होते. रुग्णालयातील दीर्घ उपचारांनंतर ती वाचली. थंडीमुळे मेंदूची प्राणवायूची गरजही घटते, हे त्यामागील कारण होय.

७. निष्कर्ष :
वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.
१) हायपोथर्मियाचे कारण केवळ नीचतम तापमान नसून ओलावा, वारा, थकवा व उपासमार यांचा संयोग हे आहे.
२) साधी, स्वस्त साधने (कोरड्या कपड्यांचा जोड, वारारोधक जाकीट, वेळेवर खाणे, प्लॅस्टिकचा कागद) बहुतांश प्रसंगी पुरेसे संरक्षण देतात.
३) रुग्णाला स्वतःचा धोका कळत नसल्याने सोबत्यांचे निरीक्षण हेच खरे निदान होय.
४) निर्णयाचा अधिकार ज्याच्याकडे आहे, त्याचे ज्ञान हे गटाचे सर्वांत महत्त्वाचे साधन आहे.

महाविद्यालयांनी प्रत्येक पदभ्रमणापूर्वी दोन तासांचे प्रात्यक्षिकयुक्त सत्र अनिवार्य करावे, प्रस्थानाच्या आदल्या दिवशी प्रत्येकाची पिशवी तपासावी आणि संमतिपत्रावर पालकांच्या सहीबरोबरच नेतृत्व करणाऱ्याच्या प्रशिक्षणाचा तपशील नोंदवावा. शिखर न गाठता परतलेल्या गटाला ‘मोहीम फसली’ असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. ती बदलणे अगत्याचे आहे; कारण मागे फिरण्याचा निर्णय घेण्यास शिक्षक ज्या वेळी कचरतो, त्या वेळी त्याच्या मनात बहुधा हवामानाची नव्हे, तर या शब्दांचीच भीती असते. पालकांनी विद्यार्थी शिक्षकाच्या हाती सोपविलेला असतो तो सुखरूप परत येण्यासाठी, आणि उपक्रमाचे यश याच कसोटीवर मोजले गेले पाहिजे.